अंगठ्याखालचा आकडा

माणसाच्या अंगठ्याला समाजात मान नाही. अनामिकेला अंगठी मिळते, करंगळी नाजूकपणाचं कौतुक करून घेते, तर्जनी दुसऱ्यांच्या चुका दाखवण्यात जन्म घालवते. अंगठ्याच्या वाट्याला काय, तर कुणाला दाखवला तरी अपमान आणि कागदावर उठवला तरी अपमान. आमच्या हेडक्लार्कांनी मात्र याच अंगठ्याच्या जिवावर अख्खी नोकरी काढली. दस्त नोंदणीच्या कचेरीत टेबलापलीकडे माणूस उभा राहिला की त्याचा अंगठा धरायचा, शाईच्या गादीवर टेकवायचा, कागदावर अलगद लोळवायचा. "डावा हात पुढे" हे वाक्य ते झोपेतसुद्धा म्हणतात, असं त्यांची बायको सांगते. इतक्या लोकांचे अंगठे सांभाळलेल्या माणसाचा स्वतःचाच अंगठा ऐन वेळी संपावर जावा, याला दैव म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

संप उजव्या अंगठ्याने पुकारला होता आणि कारण होतं सॅक्सोफोन. सॅक्सोफोनच्या पाठीला, जरा खालच्या अंगाला, एक छोटासा पितळी आकडा असतो. उजवा अंगठा त्याच्याखाली घालायचा आणि वाद्य तोलायचं. गळ्यात एक पट्टाही असतो म्हणा. पण तो हेडक्लार्क बराच सैल ठेवत. पट्टा आखडला की वाद्य पोटावर चढतं आणि पोट जगजाहीर होतं, सैल सोडला की वाद्य पोटापुढे लोंबतं आणि झाकली मूठ राहते, असं त्यांनी आरशासमोर उभं राहून ठरवलं होतं. आता एवढं धूड पेलायचं म्हणजे अंगठा कळा मारणारच. गाणं निम्म्यावर आलं की अंगठ्यातून जी कळ निघे, ती थेट कोपरापर्यंत जाई, आणि हेडक्लार्क वाद्य खाली ठेवून हात झटकत बसत.

एरवी एखाद्याने म्हटलं असतं, नसेल जमत तर सोडा. पण सॅक्सोफोन सासऱ्यांचा होता. सासरे तरुणपणी कारखान्याच्या बँडमध्ये वाजवत. पुढे दात गेले, कवळी आली, आणि फुंक कवळीच्या फटीतून निसटायला लागली, तसं वाद्य पेटीत गेलं. गेल्या वाढदिवसाला ते पेटीबाहेर काढलं आणि मेहुण्याचे डोळे चमकले. मेहुण्याचा धंदा लोकांची घरं सजवून द्यायचा. जुनी वस्तू दिसली की तिचा दिवा कसा होईल याखेरीज त्याच्या डोक्यात दुसरा विचार येत नाही.

"बाबा, याच्या तोंडात बल्ब बसवला ना, तर काय दिसेल म्हणून सांगू!"

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं. म्हणाले, "जावईबुवा, कॉलेजात बासरी वाजवायचात ना तुम्ही? पुढच्या वाढदिवसाला माझं ते संथ गाणं उभं राहून, मधे न थांबता वाजवून दाखवा. वाद्य तुमचं. नाही जमलं तर हा आहेच दिवे लावायला."

'उभं राहून' यावर सासऱ्यांचा फार जोर. सॅक्सोफोन बसून वाजवणारा माणूस वाजवत नाही, नुसता सांभाळतो, असं त्यांचं मत होतं.

घरी येताना बायको म्हणाली, "शाळेतून आले की मागच्या खोलीतून तेच गाणं ऐकू यायचं. बाबा घरी आहेत हे त्यावरून कळायचं मला. अहो, त्याचा दिवा झालेला नाही बघवणार." बस्स, एवढंच म्हणाली. पण हेडक्लार्कांनी त्याच दिवशी मनाशी गाठ बांधली, की जीव गेला तरी बेहत्तर, पण हे वाद्य पेटणार नाही.

आता शिकायचं कुणाकडे? घरचे गुरू सासरेच होते. पण जावयाने सासऱ्यापुढे बसून बेसूर व्हायचं म्हणजे इतक्या वर्षांच्या मानपानावर बोळा फिरवण्यासारखंच. हेडक्लार्क मोबाइलवर बघून शिकले. वर्षभरात गाणं आलं, बरं आलं, पण अंगठा काही ऐकेना. आणि वाढदिवस पुढच्या रविवारवर येऊन ठेपला.

पहिला उपाय घरातलाच. आकड्यावर काहीतरी मऊ बसवावं म्हणून त्यांनी बायकोच्या जुन्या स्लिपरचा तुकडा कापला. कापताना मनात संथ गाणं चालू होतं, त्यामुळे जुनी स्लिपर कुठली आणि नवी कुठली इकडे लक्ष राहिलं नाही. बायकोने नव्या स्लिपरमध्ये पाय घातला आणि अंगठा भोकातून थेट फरशीला टेकला.

"तुमच्या अंगठ्याला गादी हवी म्हणून माझ्या अंगठ्याखालची काढलीत?" ती म्हणाली. बरं, गादीचा उपयोगही झाला नाही. दोन सूर वाजले की ती चपटी होई आणि तिसऱ्या सुराला घसरून खाली पडे.

मग बातमी इमारतीत पसरली. आपल्याकडे माणसाला ताप आला तर लोक डॉक्टरचा पत्ता देतात, पण अंगठा दुखतो म्हटल्यावर प्रत्येक जण स्वतःच डॉक्टर होतो. समोरच्या काकूंनी तेल कोमट करून पाठवलं. ते चोळून वाजवायला घेतलं तर सॅक्सोफोनच हातातून निसटायला लागला. सोसायटीचे सेक्रेटरी वाद्य उलटंसुलटं करून बघत म्हणाले, "वजन कमी करा की! एवढी बटणं कशाला लागतात? दहा बोटं माणसाला. वरची काढून टाका." तळमजल्यावरचे निवृत्त कसरतमास्तर म्हणाले, "अंगठ्यात ताकद नाही तुमच्या. रोज अंगठ्याने बादली उचला." हेडक्लार्कांनी भरलेली बादली अंगठ्याला अडकवली आणि जिना चढायला लागले. दुसऱ्या वळणावर अंगठ्याने राजीनामा दिला. बादली पायऱ्या मोजत खाली गेली आणि पाणी नेमकं सेक्रेटरींच्या दाराखालून आत शिरलं. सेक्रेटरींनी त्या दिवसापासून तालमीला वेळ ठरवून दिली. ती नेमकी हेडक्लार्क कचेरीत असतात ती वेळ होती.

कचेरीत बसल्या बसल्या त्यांना दुसरा उपाय सुचला. शिक्क्याचं रबर! जाड, चिवट, वर्षानुवर्षं ठोके खाऊन न झिजणारं. स्टोअरच्या कपाटात बाद झालेल्या शिक्क्यांचा ढीग पडला होता. त्यातला एक त्यांनी निवडला. शिक्का 'रद्द' हा होता.

"नेता येणार नाही," स्टोअरकीपर म्हणाला.

"अहो, बाद झालेला आहे!"

"तोंडी बाद झालाय. त्याच्या लाकडावर 'रद्द' असा शिक्का मारला की मग कायदेशीर बाद."

"मग मारा."

"कशाने? रद्दचा शिक्का तर हाच. नवा मागवलाय, आलेला नाही."

"मग यानेच याच्यावर मारा!"

स्टोअरकीपरने शिक्का हातात घेऊन तो स्वतःच स्वतःवर टेकवायचा प्रामाणिक प्रयत्न केला. शेवटी तो म्हणाला, "साहेब, मी चहाला जातोय. मी नसताना काय होतं ते मला माहीत नसतं." सरकारी नोकरीत याहून स्पष्ट परवानगी कुणी देत नाही. हेडक्लार्कांनी ब्लेडने रबर सोलून खिशात घातलं.

रबर आकड्यावर चपखल बसलं. कळ बरीच कमी झाली. हेडक्लार्क इतके खूश झाले, की दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींची वेळ धाब्यावर बसवून कचेरीत जायच्या आधी सलग वाजवत बसले आणि तसेच धावतपळत टेबलाशी जाऊन पोचले. रबरात मुरलेली शाई घामाने जागी झाली होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पहिल्याच एक आजीबाई घराचे कागद घेऊन समोर आल्या. हेडक्लार्कांनी कागद तपासले, सगळं व्यवस्थित होतं. आजीबाईंना धीर द्यावा म्हणून त्यांनी हसून अंगठा वर केला. अंगठ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'रद्द'.

आजीबाईंनी जो टाहो फोडला, तो साहेबांच्या केबिनपर्यंत गेला. "हसतो काय मेल्या! घर रद्द करून वर हसतो?" आजीबाईंचा मुलगा बाह्या सरसावून पुढे आला. हेडक्लार्क सांगायला लागले, की हा सॅक्सोफोनचा शिक्का आहे, म्हणजे शिक्का कचेरीचा पण अंगठा सॅक्सोफोनचा, आणि जसजसं सांगत गेले तसतसं प्रकरण चिघळत गेलं. साहेबांनी पाणी मागवून आजीबाईंना शांत केलं आणि रबर परत जमा करायला लावलं. स्टोअरकीपर म्हणाला, मी तर चहाला गेलो होतो.

एखादा खचला असता. हेडक्लार्क खचले नाहीत. घरी येऊन त्यांनी अंगठा घासून घासून लाल केला आणि बायकोला म्हणाले, "अजून शुक्रवार आहे, शनिवार आहे. हा आकडा माझ्या अंगठ्यासाठी घडलेलाच नाही, तिथेच सगळं घोडं अडलंय. माझ्या मापाचा करून घेतो."

मापं घेण्यात शेजारचा दातांचा डॉक्टर वाकबगार. लोकांच्या तोंडांची मापं घेऊन कवळ्या करायचा. हेडक्लार्क सॅक्सोफोन घेऊन दवाखान्यात शिरले, तेव्हा एक पेशंट आ वासून खुर्चीत पडला होता. एवढं मोठं पितळी हत्यार आत आलेलं पाहून तो खुर्चीतून उठला आणि पुन्हा येतो म्हणून गेला तो गेलाच. डॉक्टर आधी चिडला, पण काम ऐकल्यावर हरखला. "रोज तेच ते दात, साहेब. अंगठा कधी केला नाही मी. कवळीचंच सामान वापरू. ठसा घेतो, त्यावरून खोबण करतो आणि आकड्यावर पक्की चिकटवून देतो. द्या अंगठा."

हेडक्लार्कांनी अंगठा दिला. डॉक्टरने तो मऊ लगद्यात दाबून धरला. कधी नव्हे ते दुसरं कुणी आपला अंगठा धरतंय, याची हेडक्लार्कांना गंमत वाटत होती. त्या गमतीत लगद्याचा एक गुलाबी गोळा त्यांच्या नव्या शर्टाच्या छातीवर पडला, तोही त्यांना दिसला नाही. तो शर्ट वाढदिवसासाठी शिवलेला होता आणि तालमीला म्हणून त्यांनी अंगात घातला होता.

शनिवारी संध्याकाळी सॅक्सोफोन हातात आला. आकड्याला खाली एक गुळगुळीत, गुलाबी, हिरडीसारखी खोबण चिकटली होती. "उद्या सकाळपर्यंत हात लावू नका, नीट वाळू दे," डॉक्टरने बजावलं. "मग बघा, आकडा निघेल पण खोबण निघणार नाही." आणि तो परगावी गेला.

रविवारी सकाळी हेडक्लार्कांनी वाद्य उचललं, अंगठा खोबणीत घातला आणि त्यांचा चेहराच पडला. जिथे फुगवटा हवा तिथे खड्डा, जिथे खड्डा हवा तिथे धार. अंगठा आत जाईना. गेला तर वळेना. बायकोने सॅक्सोफोन हातात घेऊन खोबण उजेडात धरली. मग तिने स्वतःचा एक अंगठा तिच्यात घालून पाहिला, मग दुसरा.

"अहो," ती सावकाश म्हणाली, "हा डावा आहे."

"काय डावा आहे?"

"डॉक्टर 'द्या अंगठा' म्हणाला, तेव्हा कुठला दिलात?"

हेडक्लार्क खुर्चीत बसले. उत्तर त्यांच्या हातानेच दिलं. नुसतं 'अंगठा' म्हटल्याबरोबर त्यांचा डावा हात आपोआप पुढे झाला होता. तीस वर्षं दुनियेला जे सांगितलं, ते हाताने ऐकून ठेवलं होतं.

डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, "तोडायला जाऊ नका, आकड्यासकट निघेल!" त्यात बायकोला शर्टावरचा गुलाबी डाग दिसला. तो कवळीसारखा घट्ट वाळला होता. मेहुण्याचा फोन आला, की भावजी, या लवकर, मी बल्ब आणि होल्डर घेऊनच आलोय. बायको गॅलरीत जाऊन उभी राहिली.

"चल," ते उठून म्हणाले. "वाजवणार. डाव्या खोबणीत उजवा अंगठा घालून वाजवणार. अंगठा गेला तर गेला, आणखी नऊ आहेत बोटं."

"अहो, पण शर्ट!"

"राहू दे शर्ट!"

"राहू दे काय? सगळे विचारतील, हे कसलं गुलाबी." असं म्हणून तिने सॅक्सोफोन त्यांच्या गळ्यात अडकवला आणि पट्टा सरसर आखडून वाद्य एवढं वर घेतलं, की डाग नेमका झाकला गेला. पोट उघडं पडलं. हेडक्लार्कांनी श्वास ओढून ते आत घेतलं आणि चपला घातल्या.

सासऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले होते. सासरे आरामखुर्चीत, सासूबाई शेजारी केकची बशी घेऊन, आणि मेहुणा भिंतीतला प्लग कुठे आहे ते बघत. हेडक्लार्क मधोमध उभे राहिले. उजवा अंगठा त्यांनी खोबणीत कोंबला, डोळे मिटले आणि फुंकलं.

पहिली ओळ गेली, दुसरी गेली. खोबणीची धार अंगठ्यात रुतत होती आणि अंगठा खोबणीला उचकटत होता. कोण आधी हरतं एवढाच प्रश्न होता. गाणं वर चढलं, हेडक्लार्कांनी जोर लावला आणि 'टक्' असा आवाज झाला. गुलाबी खोबण उडाली, हवेत गिरकी घेऊन सासूबाईंच्या हातातल्या केकवर जाऊन बसली.

"अगं बाई! यांची कवळी!" सासूबाई किंचाळल्या.

सासऱ्यांनी तोंड उघडून कवळी जागेवर असल्याचं दाखवलं. सासूबाईंचा विश्वास बसेना. "मग ही कुणाची?" म्हणत त्यांनी बशी मेहुण्याच्या हातात दिली. मेहुण्याने केक झटकला, तो सतरंजीवर पडला आणि तो पुसायला म्हणून मेहुणा रांगत रांगत हेडक्लार्कांच्या पायांशी पोचला. तेवढ्यात बायकोला हसू आलं आणि ते तिला आवरेना. पण हेडक्लार्क थांबले नाहीत. मधे न थांबता म्हणजे मधे न थांबता. खोली पेटली असती तरी ते थांबले नसते. उघडा, जुना आकडा आता अंगठ्यावर होता. कळ येणार, आता येणार, म्हणून ते दात आवळून वाट बघत होते. निम्मं गाणं झालं, कळ आली नाही. शेवटची ओळ आली, कळ आली नाही. शेवटचा लांब सूर त्यांनी धरून ठेवला आणि फुंक संपली तेव्हाच सोडला.

सासरे म्हणाले, "पट्टा आखडलात वाटतं?"

"हो, म्हणजे शर्टावर डाग होता, म्हणून हिने..."

"बरं झालं. मागे फोटो दाखवलात ना वाजवतानाचा, त्यात पट्टा पार गुडघ्यावर. तेव्हाच म्हटलं, हे अंगठा मोडून घेणार. अहो, वजन गळ्याने घ्यायचं. अंगठा नुसता बरोबर ठेवायचा, सोबतीला."

हेडक्लार्कांच्या डोळ्यांपुढून स्लिपर, बादली, आजीबाई आणि दातांचा डॉक्टर एका रांगेत गेले. "बाबा, मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? जावयाला न विचारता शिकवायला मी काय खुळा आहे? मान ठेवायला नको?"

"दोघांनीही मानच ठेवा," सासूबाई म्हणाल्या. "सतरंजीची वाट लागली त्याचं काय?"

"मग मी दिवा कशाचा करू?" मेहुणा जमिनीवरूनच म्हणाला. बायकोने ती गुलाबी खोबण त्याच्या हातावर ठेवली. त्याने होल्डर खिशात घातला.

सासरे उठले. खुर्चीचा हात धरून, मग टेबलाचा धरून, ते जावयाच्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात जावयाच्या काखांखालून पुढे घातले. बोटं बटणांवर टेकली.

"फुंक तुमची," ते म्हणाले. "बोटं माझी."

तो आकडा एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेला होता. वर्षभर वाद्य हाताळूनही हेडक्लार्कांनी ते कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्याचा अंगठा न बघता त्या झिजलेल्या जागी जाऊन बसला. हेडक्लार्कांचे दोन्ही हात आता मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत, हे त्यांना कळेना.

"बाबा, माझ्या अंगठ्याचं काय करू?"

"त्याला रजा द्या आज," सासरे त्यांच्या कानाशी म्हणाले. "खाली माझा आहे."

हेडक्लार्कांनी हात खाली सोडले आणि छाती भरून फुंकलं. गाणं तेच होतं, पण मधे मधे बारीक हरकती येत होत्या. त्या त्यांना वर्षभरात एकदाही सापडल्या नव्हत्या. बायको दाराच्या चौकटीला टेकली, शाळेतून नुकतीच आल्यासारखी, आणि डोळे न पुसता ऐकत राहिली.